लंडनची वाट आणि आपली पाणंद : तुलना मोजून कशी करावी

लंडन बघून आलं की दादरच्या फुटपाथचा राग येतो. राग रास्तच आहे. पण हातात आकडे असले, तर त्यातून निदान एखादा नेमका अर्ज तरी करता येतो.

दोन्ही शहरांत स्टेशनपासून एक किलोमीटरची वाट निवडा. दिवस कामाचा, वेळ संध्याकाळी सहाची. रविवार सकाळचं लंडन आणि सोमवार संध्याकाळचं दादर यांची तुलना होत नाही. सोबत तीन मीटरची टेप ठेवा. फुटपाथची फक्त मोकळी रुंदी मोजा. खांब, टपरी, झाडाचा पार वगळून उरते तेवढीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ती किमान १.८ मीटर हवी, आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. कडा उंच असली की गुडघे दुखणारी माणसं रस्त्यावरूनच चालतात, मग फुटपाथ कितीही रुंद असो. खाली उतरावं लागलं ती प्रत्येक जागा कारणासह लिहा.

सिग्नलला चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरा. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला साधारण १२ सेकंद लागतात. हिरवा माणूस त्याआधीच गेला, तर दोष चालणाऱ्याचा नाही.

‘आपल्याकडे गर्दीच फार’ असं कोणी म्हणालं, तर लंडन बाजूला ठेवून टोकियोचे २३ वॉर्ड, म्हणजे त्या शहराचा मुख्य भाग, घ्या. क्षेत्रफळ जवळपास मुंबईएवढं, आणि दर चौरस किलोमीटरला सुमारे १५ हजार माणसं. मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार ती सुमारे २० हजार होती.

गावाकडची तुलना करताना आधी महिना बघा. लंडनच्या आसपास वर्षाला ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस, तोही बारा महिन्यांत विभागलेला, म्हणून कुरणं हिरवी. कोकणात त्याच्या कितीतरी पट, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एप्रिलमधला पिवळा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, बघून कोकणाला नावं ठेवू नयेत.

खरी तुलना पायवाटांची, म्हणजे आपल्याकडे शेतांमधून जाणाऱ्या पाणंदींची. इंग्लंडमध्ये १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषेची वाट खाजगी शेतातून गेली, तरी चालायचा हक्क कायद्याने मिळतो. आपल्या गावनकाशातही पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. त्याची प्रत काढा, वाट प्रत्यक्ष चालून बघा, बांध फोडून नांगरलेली किंवा काटेरी कुंपणाने अडवलेली जागा गट नंबरासह टिपा. वापरातली वाट नुकतीच अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तहसीलदारांकडे दावा करता येतो.