इंपेलर वाळूने खाल्ला की बुडबुड्यांनी?

एप्रिल लागला की आमच्या चोपडा-शिरपूर पट्ट्यात तापीचं पाणी काठापासून लांब सरकतं, विहिरी तळ गाठायला लागतात आणि माझ्या वर्कशॉपच्या ओट्यावर खाल्लेल्या इंपेलरांचा, म्हणजे पंपात फिरून पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकांचा, ढीग पडतो. आणणारा निकाल सोबतच घेऊन येतो, "वाळूनं खाल्ला." मग नवा इंपेलर बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच पंप परत येतो. माझा धंदा होतो, तक्रार कशाला करू? पण केळी निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली असताना पंप चार दिवस उघडा पडला तर काय होतं ते मी बघतो. म्हणून सांगतो: पुष्कळ वेळा गुन्हेगार वाळू नसते, बुडबुडे असतात. आणि बुडबुडे असतील तर खर्च इंपेलरवर करायचाच नाही, सक्शनच्या, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूला करायचा.

जुना इंपेलर फेकू नका, आधी बघा

पंप उघडण्याआधी स्टार्टर बंद करा, ऑटोचं बटण बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. आपल्याकडे लाइट कधी येईल त्याचा नेम नाही आणि ऑटोवर राहिलेली मोटार हात आत असतानाच फिरते.

इंपेलर तारेच्या ब्रशने घासा, धुवा, उन्हात धरा. वाळूने झिजलेलं लोखंड गुळगुळीत असतं. बोट फिरवलं तर लागत नाही, लांबट चऱ्या दिसतात, पाती बाहेरच्या टोकाकडे पातळ होत जातात आणि वेअर रिंग (इंपेलरच्या तोंडाभोवतीची कडी) व केसिंगही (पंपाचं बाहेरचं कवच) सोबत झिजलेलं असतं. वाळू कुठल्या एका जागेची निवड करत नाही, पाणी जिथे जोरात जातं तिथे सगळीकडे घासते.

बुडबुड्यांचं काम वेगळं. इंपेलरच्या डोळ्यात, म्हणजे पाणी आत शिरतं त्या तोंडाशी, पात्याची कड बहुधा शाबूत असते. तिथून बोटभर आत गेलं की पात्याच्या कमी दाबाच्या अंगाला एक खरबरीत डाग लागतो. खोल, धारदार कडांचे, एकात एक घुसलेले खड्डे. नख अडकतं, चिंधी फिरवली तर धागे अडकतात. बाकीचा इंपेलर जवळपास नवा. सगळ्या पात्यांवर साधारण एकाच जागी असा डाग असेल तर वाळूला सोडून द्या.

गंज तिसराच. तो सगळीकडे तांबूस पापुद्रा धरतो आणि पंप बंद असतानाही वाढतो. खड्डे पात्याच्या बाहेरच्या टोकाशी किंवा केसिंगच्या जिभेशी (पाणी बाहेर पडतं तिथल्या कडेशी) असतील, तर पंप बहुतेक डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व फार आवळून चालवलेला आहे. तो आजार आणि त्याचा इलाज दोन्ही निराळे.

थंड पाणी उकळतं ते असं

पाणी 100 अंशांवर उकळतं हे शाळेतलं झालं. ते हवेच्या पूर्ण दाबाखाली. दाब कमी केला की पाणी 30 अंशांवरही उकळतं. पंप पाणी ओढत नाही, तो फक्त डोळ्यापाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. तो दाब फार खाली गेला की पाण्याची वाफ होऊन बारीक बुडबुडे धरतात. हवा नव्हे, वाफ. बुडबुडा पाण्याबरोबर पात्यावरून पुढे सरकतो, तिथे दाब वाढलेला असतो, आणि वाफेचं क्षणात परत पाणी होऊन तो मिटतो. म्हणून डाग कडेवर पडत नाही, थोडा आत पडतो.

बुडबुडा पाण्याच्या मध्यभागी मिटला तर लोखंडाला विशेष काही होत नाही. पात्याला चिकटून मिटला की तो सगळ्या बाजूंनी सारखा दबत नाही. लोखंडापासून लांबची बाजू आधी आत घुसते, बुडबुड्याला आरपार भोसकते आणि पाण्याची सुईइतकी बारीक धार थेट धातूवर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात जातो. त्या वेगाने पाणी आदळलं की त्या टिंबाएवढ्या जागी हवेच्या दाबाच्या सुमारे दीड हजार पट दाब क्षणभर येतो. एका फटक्याने काही होत नाही. असे फटके त्याच जागी अखंड बसतात. सुरुवातीला नुसते पोचे पडतात, वजनात फरक येत नाही. मग धातू थकतो, बारीक चिरा जातात आणि कण सुटायला लागतात. एकदा खड्डा झाला की त्या खड्ड्यातच नवे बुडबुडे धरतात आणि काम वेगाने पुढे जातं. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) इंपेलर यात लवकर हरतो, कारण बिडात ग्राफाइटच्या पातळ पापड्या असतात आणि चीर त्यांच्याच वाटेने धावते.

हा रोग आधी जहाजांना झाला. चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरने 1894 मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' नाव बांधली, तेव्हा पंखा इतका जोरात फिरायचा की भोवती नुसती वाफेची पोकळी, नाव काही वेग घेईना. त्याने एका दांड्याऐवजी तीन दांडे टाकले, प्रत्येकावर तीन पंखे. बुडबुडा मिटताना केवढा दाब येतो याचं गणित शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. आपण तेच गणित मीटरमध्ये, कांडीपेटीच्या पाठीवर करू.

चालू पंपावर कान लावा

अमळनेरकडचे एक आबा फोनवर म्हणाले, "भाऊ, मोटार गोटा चावी ऱ्हायनी." म्हणजे मोटार दगड चावते आहे. याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक केसिंगवर सक्शनच्या बाजूला टेकवा, मूठ कानाच्या हाडाला लावा. बेअरिंग गेलं असेल तर घरघर मोटारीच्या बाजूला जास्त आणि एका लयीत येते. बुडबुड्यांची कडकड बेताल असते आणि सक्शनकडेच जोरात.

खात्री करायची तर डिलिव्हरीचा व्हॉल्व हळूहळू पाव भाग बंद करा. पाणी कमी झालं की डोळ्यातला दाब सुधारतो आणि कडकड थांबते किंवा निम्मी होते. थांबली तर निदान झालं. नाही थांबली तर बेअरिंग, कपलिंग, किंवा खरंच आत खडा.

एक घोळ नेहमी होतो. सक्शनचा जॉइंट किंवा ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) हवा धरत असेल तरी पंप आवाज करतो आणि पाणी सोडतो. फरक पाण्यात दिसतो. वाफेचे बुडबुडे पंपातच मिटतात. हवा मात्र बाहेर येते. डिलिव्हरीचं पाणी काचेच्या ग्लासात धरा. दुधाळ असेल आणि तळाकडून वर स्वच्छ होत गेलं तर हवा शिरते आहे. मग पंप चालू ठेवून एकेका जॉइंटवर आणि ग्लँडवर पाणी ओता. जिथे ओतल्यावर आवाज बदलतो, तो जॉइंट खोला. हे आधी उरकून घ्या, नाहीतर पुढचा हिशेब फसतो.

हिशेब

हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याच्या 10.3 मीटर उंचीइतका असतो. आपल्या तापीकाठी, दोनेकशे मीटर उंचीवर, 10.1 धरा. तोरणमाळला वर गेलात तर जेमतेम 9. खाली चालणारा पंप पठारावर नेऊन बसवला आणि रडायला लागला, तर कारण इथे आहे. यातून वाफेचा दाब वजा करायचा: 30 अंशांच्या पाण्याला 0.4 मीटर, प्लास्टिक टाकलेल्या शेततळ्यातल्या तापलेल्या पाण्याला 0.6 धरलं तरी चालेल.

आता प्रवाह मोजा. 200 लिटरचा ड्रम 20 सेकंदांत भरला तर सेकंदाला 10 लिटर. पंप मे महिन्यात पाण्यापासून साडेपाच मीटर वर आहे आणि 3 इंची सक्शन पाइप 10 मीटर लांब आहे, असं समजू. नवा, आतून गुळगुळीत पाइप धरला तरी घर्षणात 0.7 मीटर जातो. फुटव्हॉल (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा एकतर्फी व्हॉल्व), जाळी आणि बेंड मिळून आणखी 1 मीटर धरा. एकूण 7.2. मग 10.1 वजा 0.4 वजा 7.2, हाती उरले 2.5 मीटर. पंपाच्या कॅटलॉगमध्ये त्याच प्रवाहाला एनपीएसएच (पंपाला तोंडाशी किमान एवढा दाब शिल्लक लागतो तो आकडा) 3.5 मीटर लिहिलं असेल तर एक मीटर कमी पडतो. पंप रडणारच.

तोच पाइप 4 इंची करा. पाण्याचा वेग सेकंदाला 2.3 मीटरवरून 1.3 वर येतो, पाइपचं घर्षण पाव होतं, फुटव्हॉल-बेंडचं नुकसान तिसऱ्या हिश्शावर. एकूण 6.0, हाती 3.7. पास झाला, पण काठावर. कॅटलॉगमधला आकडा प्रयोगशाळेत हेड (पंप पाणी चढवतो ती उंची) 3 टक्के पडल्यावर घेतलेला असतो, म्हणजे तेव्हा बुडबुडे आधीच सुरू झालेले असतात. निदान एक मीटर शिल्लक हवी. म्हणून पंपही एक मीटर खाली घ्या. मग हाती 4.7 आणि पंप गप्प.

एवढं गणित नको असेल तर सक्शनच्या फ्लँजपाशी व्हॅक्यूम गेज बसवा. गेजवरचे पाऱ्याचे 100 मिलिमीटर म्हणजे पाण्याचे 1.36 मीटर. वरच्या 3 इंची पंपावर काटा साडेपाचशेच्या आसपास दिसेल. तापीकाठच्या मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकाच दांड्यावर असलेल्या पंपाला) 450 च्या वर काटा गेला की मी संशय घेतो.

मग बदलायचं काय

पहिला मान फुटव्हॉलचा. जाळीला शेवाळ, केळीची चिपाडं, प्लास्टिक. ती साफ केल्यावर बरेच पंप तिथेच गप्प होतात, बाकी काही करावं लागत नाही. फुटव्हॉल पाण्याखाली निदान दोन-तीन फूट आणि तळापासून एक फूट वर हवा.

दुसरा पाइप. सक्शन पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घ्या. पंपाच्या तोंडाला लागून बेंड नको. 4 इंचीला निदान 20 इंच सरळ तुकडा येऊ द्या. रिड्यूसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एका बाजूने सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा, नाहीतर वरच्या पोकळीत हवा साठते. पाइप पंपाकडे सतत चढता हवा, मध्ये कुबड नको. सक्शनवर व्हॉल्व लावून पाणी कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी कमी करायचंच असेल तर डिलिव्हरीवर करा. सक्शन आवळणं म्हणजे बुडबुड्यांना आमंत्रण.

तिसरा पंपाची जागा. विहिरीत खालच्या ठावावर ओटा बांधा. नदीवर ड्रमांच्या तराफ्यावर मोनोब्लॉक ठेवून डिलिव्हरीला लवचिक पाइप लावा, म्हणजे नदी उतरली की पंपही उतरतो. उपसा साडेसहा मीटरच्या पुढे गेला तर मोनोब्लॉकचा हट्ट सोडा आणि ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारा पंप, टाका. तोही पाण्यात पूर्ण बुडालेला हवा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावरून माझे ग्राहकांशी वाद होतात. पाच एचपी रडतो म्हणून त्याच 3 इंची सक्शनवर साडेसात एचपी बसवतात. किंवा पुढे कामाला येईल म्हणून 12 मीटर हेडच्या जागी 30 मीटर हेडचा पंप घेतात. जास्त हेडचा पंप कमी हेडवर सोडला की तो ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकतो, आणि पाणी जितकं जास्त तितकी त्याची सक्शनची भूक जास्त. असा पंप आधीच घेऊन बसला असाल तर कडकड थांबेपर्यंत डिलिव्हरी आवळून चालवा. पाणी थोडं कमी येईल, पण पंप टिकेल. मात्र निम्म्याच्या खाली आवळू नका.

इंपेलर शेवटी. खड्डे उथळ असतील तर तसाच बसवा. खोल असतील तर बदला, आणि जमलं तर गनमेटल किंवा स्टेनलेसचा घ्या. बिडापेक्षा दोन्ही जास्त दम धरतात. एपॉक्सी पुट्टी भरून आणलेले इंपेलरही माझ्याकडे येतात. सक्शन सुधारलेलं नसेल तर पुट्टी उखडून निघते, आणि अर्धी निघाली की इंपेलरचा तोल जाऊन बेअरिंगही जातं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एवढंच: काही डिझेल इंजिनांत लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) पाण्याकडच्या बाजूला असेच खड्डे पडतात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो आणि त्याच्या अंगाला बुडबुडे धरतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी न ओतता कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला, त्यातली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात.

दुरुस्ती झाली की विहीर भरलेली असताना एकदा आणि मे महिन्यात एकदा गेजचा आकडा घ्या, स्टार्टरच्या डब्याच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवा. पाण्याची पातळी तीच असताना काटा 50 मिलिमीटरने वाढलेला दिसला, तर पंपाला हात लावू नका, आधी फुटव्हॉल वर काढा.