रेणुसूत्रातला कंस गाळू नका: नववी-दहावीत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं सूत्र विचारलं की बरीच मुलं घाईत ‘सीए ओएच टू’ म्हणतात आणि वहीतही तसंच उतरवतात. कंस गायब! म्हणायचं ‘सीए, ओएच होल ट्वाइस’. लिहिताना ओएच कंसात आणि २ कंसाबाहेर, पायाशी. कंस नसेल तर तो २ फक्त हायड्रोजनला लागतो, ऑक्सिजन एकच उरतो. वस्तुमान काढून बघा. कॅल्शिअम ४०, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. बरोबर सूत्राचं येतं ४० अधिक दोनदा १७, म्हणजे ७४. कंस गाळला तर ५८. एवढ्यापायी पुढचं अख्खं उदाहरण चुकतं आणि मुलाला वाटतं, आपलं गणितच कच्चं आहे. याचं मला फार वाईट वाटतं. सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र ओएच हा मूलक, म्हणजे एकत्र राहणारा अणूंचा गट, एकच; तिथे कंस नको.

संयुजांचा, म्हणजे जोडणीच्या क्षमतेच्या आकड्यांचा, तिरकस गुणाकार करून एकाचा आकडा दुसऱ्याच्या पायाशी लिहिल्यावर मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे २ येतो. तो काटायचा, एकास एक ठेवायचं. पण हायड्रोजन पेरॉक्साइडला ही काटछाट लावू नका, त्याच्या रेणूत खरोखरच दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन असतात.

कोबाल्टच्या संज्ञेतलं दुसरं अक्षर लहानच हवं. दोन्ही मोठी काढलीत तर तो कार्बन मोनॉक्साइड होतो.

नावांच्या शेपटांकडे नीट बघा. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाहीच, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. हे आकडे सगळीकडे चालत नाहीत. नायट्राइटमध्ये दोन, नायट्रेटमध्ये तीन. ‘आइट’मध्ये ‘एट’पेक्षा एक ऑक्सिजन कमी, एवढं धरून ठेवा. लोहाच्या बाबतीत नुसतं ‘आयर्न सल्फेट’ लिहून भागत नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, तिथे लोहाची संयुजा २. फेरिकमध्ये ३, आणि सूत्रच बदलतं: लोह दोन, सल्फेट तीन, अर्थात सल्फेट कंसात.

राहिलं मोरचुदाचं, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचं, पाणी. कॉपर सल्फेट लिहून मुलं थांबतात. त्याचं वस्तुमान १५९.५, पण बाजारातल्या निळ्या मोरचुदाचं २४९.५, कारण सूत्रात टिंबापुढे पाण्याचे पाच रेणू असतात. विश्वास बसत नसेल तर प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर एक खडा परीक्षानळीत तापवा. निळा रंग उडून तो पांढरा पडतो आणि नळीच्या तोंडाशी, गार काचेवर, तेच पाणी थेंबाथेंबानं जमतं.