डेन्मार्कला पीएचडीची ॲडमिशन नसते, जागा निघते

गोव्यात ताळगावला युनिव्हर्सिटीत एमएस्सी करणारी, दोनापावलाला एनआयओत, म्हणजे समुद्रविज्ञान संस्थेत, प्रोजेक्टवर असलेली मुलं मला सारखी विचारतात, डेन्मार्कला पीएचडीच्या ॲडमिशन कधी सुरू होतात? गल्लत तिथेच होते. तिकडे पीएचडी म्हणजे तीन वर्षांची पगारी नोकरी, फी नाही, पगार सामूहिक करारानुसार, म्हणजे कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या करारानुसार ठरतो, बदल्यात रिसर्चसोबत थोडं शिकवायचं आणि 30 ईसीटीएसचे, म्हणजे युरोपातल्या 30 क्रेडिटचे कोर्स करायचे. त्यामुळे अर्ज पण नोकरीचाच करायचा, प्रोफेसरांना एकच मेल पन्नास जणांना पाठवून काही होत नाही.

देशात युनिव्हर्सिट्या आठच आहेत, कोपनहेगन, आर्हुस, ऑल्बोर्ग, रोस्किल्ड, ओडेन्सची सदर्न डेन्मार्क, इंजिनिअरिंगची डीटीयू, बिझनेसची सीबीएस आणि आयटी युनिव्हर्सिटी. आठही साइटची व्हेकन्सीची पानं सेव्ह करून ठेवा, आठवड्यातून एकदा बघा. समुद्र, मासे हा विषय असेल तर डीटीयू ॲक्वा हा डीटीयूचा त्याच विषयाचा विभाग बघाच, गोव्यात काम केलेल्यांना तिथे सांगण्यासारखं खूप असतं. पीएचडीला सहसा मास्टर्स लागते, आपली तीन अधिक दोन वर्षं चालतात, नुसत्या बीटेकवर अवघड.

शिकवण्याच्या जागांत नावं नीट वाचा. ॲडजंक्ट म्हणजे असिस्टंट प्रोफेसर, लेक्टर म्हणजे असोसिएट, आपला लेक्चरर नव्हे. ह्या जागांना टीचिंग पोर्टफोलिओ मागतात, म्हणजे कुठला पेपर शिकवला, वर्गात किती मुलं, तुम्ही काय बदललंत, फीडबॅक काय आला. आपल्याकडे लेक्चर बेसिसवर तीन-चार वर्षं राबलेली माणसं हे लिहीतच नाहीत, त्यांना वाटतं ते काय सांगायचं, अरे तोच तुमचा अनुभव आहे, सगळा लिहा!

जाहिरातीची प्रिंट काढा, मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा आणि पत्रात एकेकाला उत्तर द्या, तुम्ही नेमकं काय केलंय ते सांगून. अर्ज युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरूनच, मेलने पाठवलेला धरत नाहीत. कागदांत खूप काळजी घ्या. माझ्या मावसबहिणीने फोंड्याला झेरॉक्सच्या दुकानात सगळ्या मार्कशीट स्कॅन करून घेतल्या, पण ग्रेडचा तक्ता मागच्या बाजूला छापलेला, ती बाजू राहिली, अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाला आणि दोन महिन्यांची मेहनत गेली, मला अजून वाईट वाटतं त्याचं. दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि पीडीएफ उघडून स्वतः वाचा.

शेवटची वेळ बहुतेक 23:59 असते, पण त्यांची. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे 3:29 आणि हिवाळ्यात 4:29. तेवढ्यावर विसंबू नका, जून-जुलैच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, दोन दिवस आधी सबमिट करून मोकळे व्हा.

मग तज्ज्ञांची समिती अर्ज तपासते, वेळ लागतो, इंटरव्ह्यू ऑनलाइन पण होतो. निवड झाली की काँट्रॅक्टवर रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा, नवरा किंवा बायको सोबत येऊन तिथे काम करू शकते. परमिट हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका.