लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर दाखवताना या चुका टाळा

बैठका आणि प्रशिक्षणवर्गांसाठी लॅपटॉप टीव्हीला जोडून देण्याचे काम मी कित्येक वर्षे करत आलो आहे. या काळात टीव्ही बदलले, केबली बदलल्या, केबलीवाचून चालणाऱ्या सोयी आल्या, पण चुका मात्र त्याच राहिल्या. ‘टीव्हीच बिघडलाय’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले असेल, पण टीव्ही खरोखर बिघडलेला निघाल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे घाई नडली होती. चित्र आले नाही की लोक एका मिनिटात तीन गोष्टी बदलतात; मग चित्र आलेच, तरी ते नेमके कशामुळे आले हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या खेपेला तीच धावपळ पहिल्यापासून सुरू होते.

बिनतारी जोडणीचे सगळे प्रकार एकच समजणे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोज आणि के या कळी एकत्र दाबल्या की जी यादी उघडते, ती मुख्यतः मिराकास्टची असते. २०१२ साली आलेल्या या पद्धतीत लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट वायफायने बोलू शकतात, त्यासाठी मध्ये राउटर किंवा इंटरनेट असण्याची गरज नसते. गूगलच्या क्रोमकास्ट या पद्धतीचे तसे नाही. तिथे लॅपटॉप आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर असावे लागतात, आणि कास्ट करण्याचा पर्याय क्रोम ब्राउझरच्या मेनूमध्ये मिळतो. विंडोजच्या त्या यादीत क्रोमकास्ट शोधत बसण्यात अर्थ नाही. मॅकवर मिराकास्ट नसतेच, तिथे ॲपलची एअरप्ले ही पद्धत वापरावी लागते आणि समोरच्या टीव्हीलाही ती कळावी लागते. आपला लॅपटॉप कोणता आणि टीव्ही कोणती पद्धत ओळखतो, हे आधी पाहिले तर निम्मा त्रास वाचतो.

एका प्रशिक्षणवर्गातला प्रसंग सांगतो. खोलीत चाळीसेक माणसे बसली होती आणि वक्त्यांनी आपला लॅपटॉप पाहुण्यांसाठी असलेल्या वायफायला जोडला होता. टीव्ही होता त्या संस्थेच्या मुख्य वायफायवर. दोन्हींकडे इंटरनेट व्यवस्थित चालत होते, म्हणून नेटवर्कचा प्रश्न असेल अशी शंका कोणालाही आली नाही. वक्त्यांनी लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, आणि तेवढ्यात मदतीला धावलेल्या एका उत्साही तरुणाने टीव्ही मूळ स्थितीत नेणारे सेटिंग निवडले. त्यानंतर टीव्ही भाषा विचारू लागला, मग देश, मग वायफायचा पासवर्ड, आणि तो पासवर्ड ज्यांना ठाऊक होता ते गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते. मी पोहोचलो तेव्हा पंचवीस मिनिटे वाया गेली होती. पिशवीतली एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) काढून जोडली आणि वर्ग सुरू झाला.

पाहुण्यांचे वायफाय मुद्दामच असे बांधलेले असते की त्यावरचे उपकरण मुख्य नेटवर्कवरच्या उपकरणांना पाहू शकत नाही. ती सुरक्षिततेची सोय आहे, बिघाड नव्हे. म्हणून टीव्ही यादीत दिसत नसेल तर दोन्हींकडच्या वायफायची नावे शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक वेगळ्या सुरक्षित मार्गाने नेणारी सोय) चालू असेल तर तो थोडा वेळ बंद करून पाहा, आणि विंडोजमध्ये ते नेटवर्क सार्वजनिक म्हणून नोंदले गेले आहे का हेही बघा. घरचे किंवा ओळखीचे नेटवर्क असेल तर ते खाजगी करून घ्या. टीव्ही मूळ स्थितीत नेण्याचा उपाय मात्र शेवटचासुद्धा समजू नका. दुसऱ्याच्या टीव्हीवर तर त्या सेटिंगला हातच लावायचा नाही, असा माझा ठाम आग्रह आहे.

माझी स्वतःची सवय अशी की महत्त्वाच्या कामाला मी केबलच वापरतो. बिनतारी जोडणी घरी छायाचित्रे दाखवायला उत्तम आहे. पण चाळीस माणसे वाट पाहत असताना तिच्यावर विसंबणे मला पटत नाही.

केबल आणि पोर्ट

टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात आणि केबल ज्या पोर्टमध्ये आहे तोच रिमोटवरून निवडावा लागतो. ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दिसली की लॅपटॉपला दोष देण्याआधी टीव्हीच्या मागे वाकून पोर्टचा क्रमांक वाचा.

यूएसबी-सीचे प्रत्येक छिद्र चित्र पाठवू शकत नाही. पुष्कळ लॅपटॉपवर त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइलींची देवाणघेवाण होते. छिद्राशेजारी थंडरबोल्टचे, म्हणजे कडाडत्या विजेच्या बाणाचे, किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह आहे का ते पाहा, आणि चिन्ह नसेल तर त्या मॉडेलची माहिती वाचूनच अडॅप्टर विकत घ्या. व्हीजीए (जुन्या लॅपटॉपवरचा चित्राचा पोर्ट) आणि एचडीएमआय यांच्यामधले कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर जुन्या व्हीजीएवाल्या लॅपटॉपचे चित्र नव्या टीव्हीवर कधीच आणणार नाही, मग तो कितीही घट्ट बसवा. शिवाय व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते.

फोरके टीव्हीवर (३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या) माउसचा बाण झटके देत सरकत असेल, तर चित्र सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलत असण्याची शक्यता मोठी आहे. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीचे लॅपटॉप फोरकेला एवढीच गती देऊ शकतात. साठची गती २.० पासून आली. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० गुणिले १०८० निवडले की बाण पुन्हा सुरळीत फिरतो आणि बैठकीला तेवढी स्पष्टता पुरते.

कडा कापलेले चित्र तसेच चालवून घेणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण इथे लोक बिघाड दुरुस्त करण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेतात. माझ्या एका सहकारी बाई दरमहा हिशेबाचा तक्ता टीव्हीवर दाखवत. त्यांच्या तक्त्यात डावीकडचा पहिला रकाना रिकामा असे, वरच्या दोन ओळी रिकाम्या असत, आणि बेरजेची ओळ तळापासून बरीच वर घेतलेली असे. एकदा मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, टीव्ही कडा खातो ना, म्हणून जागा सोडते.” टास्कबारही अर्धा कापला जात होता, त्यामुळे फाइल बदलायची झाली की त्या लॅपटॉपकडे वाकून पाहत. असे त्यांनी वर्षभर केले होते.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींमध्ये चित्राच्या कडा नीट दिसत नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीबाहेर ढकलण्याची रीत पडली, आणि ती आजच्या सपाट टीव्हींमध्येही सेटिंगच्या रूपाने टिकून राहिली आहे. चित्रपट पाहताना कडेचा थोडा भाग गेला तर कळत नाही, पण लॅपटॉपचा सगळा कारभारच कडांवर असतो. रिमोटने चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय निवडा. कंपनीप्रमाणे नाव बदलते, काम तेच असते. बाईंच्या टीव्हीवर याला एक मिनिटही लागले नाही, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा तक्ता पहिल्या रकान्यापासून सुरू झाला.

याच ठिकाणी आणखी एक काम उरकून घ्या. बऱ्याच टीव्हींमध्ये त्या इनपुटला पीसी असे नाव देता येते. तसे केले की टीव्ही चित्रावर स्वतःची कलाकुसर कमी करतो आणि रंगांची माहिती गाळत नाही. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर काळ्या पट्टीवर लाल रंगात बारीक अक्षरे लिहून पाहा: आधी त्यांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात, नाव बदलल्यावर स्वच्छ होतात. बरेच जण अक्षर पुसट दिसले की टीव्हीचा शार्पनेस वाढवतात. तसे करू नका. त्याने अक्षराभोवती पांढरी झालर येते आणि डोळे अधिकच शिणतात.

आणखी काही

विंडोज आणि पी या कळी दाबल्यावर येणारा ‘डुप्लिकेट’ हा पर्याय लोक डोळे झाकून निवडतात, आणि मग भर सभेत एखादा खाजगी संदेश सगळ्यांसमोर झळकतो. मी ‘एक्स्टेंड’ निवडतो, दाखवायची तेवढीच खिडकी टीव्हीकडे सरकवतो, आणि सूचना तरीही बंद ठेवतो. एखादी खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर हरवली तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबावी, ती परत येते.

चित्र आले पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो, ही तक्रार म्हणजे बहुतेक वेळा आवाजाच्या चिन्हाजवळ टीव्ही निवडायचा राहिलेला असतो.

बाकी सगळे दिसते पण चित्रपट किंवा मालिका सुरू केली की तेवढीच चौकट काळी होते, तेव्हा ती नक्कल रोखणारी व्यवस्था असते. मधला स्वस्त स्प्लिटर (एका केबलीचे दोन फाटे करणारा डबा) किंवा कन्व्हर्टर काढून केबल थेट जोडून पाहा. ते नाही जमले तर टीव्हीवरच त्या सेवेचे ॲप उघडा.

आणि लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर टीव्हीही काळा होत असेल, तर पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘काहीही करू नये’ असे निवडा आणि चार्जर लावून ठेवा.