वीरगळ कसा वाचावा

गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी किंवा जुन्या शिवमंदिराच्या आवारात चौकटी पाडून कोरलेला उभा दगड दिसला, तर तो बहुधा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचे स्मारक असतो, आणि तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत सहसा धारातीर्थी पडलेला वीर दिसतो. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर गोधन राखताना झालेल्या चकमकीत तो पडला असे समजावे. त्याच्यावर लढाईचे दृश्य, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य, असा साधारण क्रम असतो.

हा क्रम पाठ झाला की तो कुठे मोडला आहे ते शोधावे, कारण खरी माहिती तिथेच मिळते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आहेत, म्हणजे लढाई पाण्यावरची होती, एवढे दगडच सांगतो. ती शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यातली होती, हा मात्र अभ्यासकांचा तर्क आहे. वहीत या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

चंद्रसूर्य दिसले म्हणजे वीरगळच, असे धरून चालू नये. गद्धेगाळावरही ते असतात, पण त्याखाली बहुधा दानाचा लेख आणि गाढव व स्त्री यांचे शिल्प असते. ती दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी आहे, स्मारक नव्हे. कोपरात काटकोनात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसल्यास ती सतीशिळा होय.

झिजलेले कोरीवकाम सकाळच्या वा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चांगले उठून दिसते, त्यामुळे खडू किंवा तेल फासण्याचे काहीच कारण नाही. शेंदूर तर मुळीच खरवडू नये. गावासाठी तो दगड देव असतो, आणि लोक त्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव, आपल्या वाचनाशी जुळत नसले तरी, जसेच्या तसे टिपावे. दगड मूळ जागीच आहे का, हेही जुन्याजाणत्यांना विचारावे, कारण जीर्णोद्धाराच्या वेळी शेतातून उचलून देवळापाशी आणलेल्या वीरगळावरून लढाईची जागा ठरवता येत नाही.