सांगलीत बसून स्वतःचा रोलप्लेइंग गेम कसा बनवायचा आणि विकायचा

बरेच जण विचारतात की टेबलवर खेळायचे रोलप्लेइंग गेम लिहायचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर दरवेळी एकच असतं, एका संध्याकाळीत खेळून संपेल असा छोटा गेम करा आणि तो तुमच्या ओळखीच्या जागेवर करा. तीनशे पानांचं ड्रॅगनवालं पुस्तक आत्ता नको. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आलं, तेव्हापासून त्या जगावर लिहिणारे भरपूर आहेत, पण सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, तुमच्याशिवाय कोण सांगणार?

ज्यांनी हे कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आपापलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं आणि जिथं काय होईल ते नक्की नाही तिथं फासे टाकायचे. सांगलीकराला हे परकं वाटायचं कारणच नाही. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, त्या काळी सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट बरीचशी भाषणं आयत्या वेळी मनानंच बोलायचे. म्हणून मी नियमात गेम मास्टर न लिहिता सूत्रधारच लिहितो, नवीन माणसाला लगेच कळतं.

आता नियम. माझा गेम पेवावरच आहे. पेवाचं तोंड अरुंद, आत हळद भरलेली, आणि उतरायच्या आधी कंदील खाली सोडून बघतात, विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली. गेममध्ये कृष्णेचं पाणी चढतंय, चार हमाल आहेत आणि हळदीची पोती बाहेर काढायचीत. वेळ मोजायला मी घड्याळ ठेवलं नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी असलेली पाण्याची पातळी ठेवली, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, पावसाळ्यात अख्खी सांगली सकाळी उठून हेच आकडे बघते त्यामुळं टेबलवर कुणाला समजवावं लागत नाही.

फासे दोन, सहा बाजूंचे. १० किंवा जास्त आलं तर काम झालं, ७ ते ९ आलं तर झालं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा कमी आलं तर फसलं. इथं गणित कागदावर करायलाच पाहिजे, अंदाजावर सोडू नका. एकूण ३६ जोड्या होतात, त्यात १० किंवा जास्तच्या ६, मधल्या १५, फसलेल्या १५. मी पहिल्यांदा फसलं तरी आणि किंमत मोजली तरी पाणी एक फूट चढेल असं ठेवलं, म्हणजे ३६ पैकी ३० वेळा, मग ४० चे ४५ व्हायला सहा डाव पुरतात, चहा यायच्या आत गेम खलास. नंतर फक्त फसल्यावरच चढेल असं केलं, तर साधारण बारा डाव मिळाले आणि चार जणांना प्रत्येकी तीन वेळा तरी काहीतरी करायला मिळालं. एवढ्या एका बदलानं गेम उभा राहिला.

प्लेटेस्ट, म्हणजे गेम खेळवून बघणं, निदान पाच वेळा, आणि त्यातल्या दोन अनोळखी लोकांबरोबर. शेवटी "भारी होता" असं सगळेच म्हणतात, ते लिहून ठेवून उपयोग नाही. कोण कधी गप्प झालं, कुणी मोबाईल हातात घेतला, ते लिहा. आमच्या विश्रामबागच्या टेबलवर मावसभाऊ पेवाच्या तोंडाशी कंदील सोडून बसलेला, कंदील विझला, आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, आता मी काय करू?" उत्तर माझ्या डोक्यात होतं पण पानावर नव्हतं. त्याच रात्री कंदील विझल्यावर करता येतील अशा तीन गोष्टी पानावर घातल्या. शेवटची टेस्ट तर अशी घ्या की नियम दुसऱ्यानं वाचून चालवायचे आणि तुम्ही तोंड बंद ठेवून शेजारी बसायचं. हे लय अवघड जातं पण करा.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. नियमाची कल्पना कुणाच्या मालकीची नसते, पण ती ज्या शब्दांत लिहिलीय ते शब्द असतात, त्यामुळं दुसऱ्याचं वाक्य उचलायचं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत, श्रेय देऊन वापरता येतात.

लेआउट ए-५ मध्ये करा आणि पानं चारच्या पटीत ठेवा, म्हणजे ए-४ दुमडून मधोमध पिन मारता येते. फॉन्ट मुक्ता किंवा बलू, दोन्ही फुकट आणि विकायच्या पुस्तकात चालतात. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं वर्ल्ड रेडी कंपोजर चालू करा नाहीतर जोडाक्षरं फुटतात, आणि छापायला देताना पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेत का बघा. माझ्या पहिल्या शंभर प्रतींत "कृष्णा" सगळीकडं तुटून आली होती, प्रेसवाल्यानं हात वर केले आणि पैसे माझेच गेले. तेव्हापासून आधी एक प्रत काढून घेतो आणि ती मोठ्यानं वाचतो.

विकायला इच डॉट आयओ ही वेबसाइट सोपी, त्यांना किती टक्के द्यायचे ते तुम्हीच ठरवता, आपण काही बदललं नाही तर १० टक्के. ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुसऱ्या साइटवर गेम फक्त तिथंच ठेवलात तर ७० टक्के तुम्हाला, इतरत्रही ठेवलात तर ६५. इंग्रजी आवृत्ती कराच, गिऱ्हाईक जास्त बाहेरचं आहे, पण पेव, हमाल, कंदील हे शब्द तसेच राहू द्या, वाचणारा समजून घेतो.

नोकरी लगेच सोडू नका. एका छोट्या गेमवर घर चालत नाही, पण तो गेम दाखवून दुसऱ्यांच्या पुस्तकांत लिहायचं काम मिळतं, शब्दाच्या दरानं, आणि महिन्याचा खरा आधार तोच होतो. मी एका बाहेरच्या प्रकाशकाला चार हजार शब्द लिहून दिले, मग त्यांचा प्रोजेक्ट बंद पडला आणि एक रुपया आला नाही. म्हणून आता शब्दाला दर किती, मजकूर दिल्यावर किती दिवसांत पैसे, आणि प्रोजेक्ट रद्द झाला तर लिहिलेल्याचं काय, हे तीन मुद्दे ईमेलवर लेखी आल्याशिवाय मी पहिला परिच्छेदपण पाठवत नाही.