लातुरात पायथन २ वरून ३ वर जायचं मीटअप घ्यायचंय? मग आधी कुणाचा तरी जुना कोड मिळवा

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, तिच्या २ मध्ये लिहिलेले जुने प्रोग्राम ३ वर चालतील असे एकत्र बसून बदलायचे, एवढंच हे मीटअप. आम्ही पहिल्यांदा तारीख ठरवली तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही की त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आहे. आता येळवशीला सगळं लातूर शेतात गेलेलं असतं, भज्जी आणि आंबील सोडून पायथन ऐकायला कोण येणार? चार जण जमलो, त्यातला एक हॉलचा वॉचमन. म्हणून तारीख काढताना आधी कॅलेंडर बघा. १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, दुपारनंतर बरा पडतो, सकाळचं झेंडावंदन झालेलं असतं आणि इथल्या ऑफिसांना सुट्टी असते. फक्त घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्यांना ती सुट्टी नसते, त्यांना हवं असेल तर सरळ रविवार धरा.

आता मुख्य मुद्दा. भाषणं ठेवू नका. पायथनचं ३ हे व्हर्जन डिसेंबर २००८ मध्ये आलं, २ मधलं शेवटचं व्हर्जन २.७, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, हे स्लाइडवर दाखवून कुणाचा कोड बदलत नाही. ज्याच्याकडे अजून २.७ वर काहीतरी चालू आहे असा एक माणूस शोधा आणि त्याचा प्रोग्राम मागून घ्या. सापडतो, काळजी करू नका, आडत दुकानाचा हिशोब, पतसंस्थेचं व्याज, क्लासची फी, कुठं ना कुठं असतोच. मालक आधी म्हणणार, "कशाला हात लावायलाव भैया, चालू हाय की सगळं." त्याला सांगायचं की मूळ मशीनला कुणी बोट लावणार नाही, कॉपीवर काम करू. आणि डेटा घेताना शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती आधीच बदलून घ्या, हे मीटअपच्या दिवशी करू म्हणाल तर राहून जातं.

आदल्या दिवशीची तयारी जास्त महत्त्वाची. हॉलचं नेट वीस लॅपटॉपला पुरत नाही, त्यामुळे २.७ ची डॉकर इमेज (म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर २.७ चालवता येईल असं तयार पॅकेज) आणि लागणाऱ्या लायब्ररी दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. पिप, म्हणजे लायब्ररी टाकायचं टूल, त्याचं २.७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन २०.३.४, त्याच्या पुढचं टाकायला गेलात तर तिथंच अडकाल. आणि टू-टू-थ्री (2to3) हे २ चा कोड ३ चा करणारं टूल पायथन ३.१३ पासून काढूनच टाकलंय, म्हणून निदान एका मशीनवर ३.१२ किंवा त्याच्या आधीचं पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस वगैरे तुम्हाला सांगायची गरज नाही.

बसल्यावर पहिला तास कोडला हातच लावायचा नाही. जुना प्रोग्राम २.७ वर चालवा, पन्नासेक पट्ट्या (आडतीच्या हिशोबाच्या पावत्या, किंवा तुमचा प्रोग्राम जे काढतो ते) काढा आणि निघालेलं सगळं फाइलमध्ये ठेवा. ही फाइल म्हणजे आपलं माप. मग कॉपीवर टू-टू-थ्री चालवा, प्रिंटचे कंस, एक्सरेंज, हॅज-की असे २ मधले जुने शब्द बदलणं, असली किरकोळ कामं ते करून टाकतं, आणि ३ वर पुन्हा त्याच पन्नास पट्ट्या काढून दोन्ही फाइली शेजारी शेजारी प्रोजेक्टरवर लावा. इथंच खरी मजा आहे.

आमच्याकडे आडतीचा प्रोग्राम होता. १२७० किलो सोयाबीन, ५० किलोचा कट्टा, जुन्या पट्टीवर कट्टे २५ आणि सुटे २० किलो. नव्या पट्टीवर कट्टे २५.४, वर सुटे २० किलो वेगळेच, आणि हमाली २५.४ कट्ट्यांची. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की दशांश कापला जायचा, ३ मध्ये तो राहतो, आणि टू-टू-थ्री भागाकाराला हात लावत नाही. जिथं पूर्ण कट्टेच मोजायचेत तिथं दोन तिरप्या रेघांचा (//) भागाकार हातानं घालायचा. अशा जागा शोधायला जुन्याच पायथनला वजा तीन (-3) हा पर्याय देऊन प्रोग्राम चालवा, तो भागाकाराच्या ओळी दाखवत जातो. हे मला आधी माहीत असतं तर अख्खी रात्र वाचली असती.

दुसरा घोळ राउंडचा, म्हणजे पैसे पूर्ण रुपयांत आणायचा. ४१२.५० रुपये २ मध्ये ४१३ व्हायचे, ३ मध्ये ४१२ होतात, कारण बरोबर अर्ध्यावर आलं की ते सम संख्येकडे जातं. ४१३.५० मात्र दोन्हीकडे ४१४. त्यामुळे फरक कधी येतो कधी नाही आणि पतसंस्थेचा माणूस वेडा होतो. पैशासाठी डेसिमल हा पायथनमधला आकड्यांचा प्रकार वापरा आणि अर्धा वर न्यायचा नियम त्यात स्पष्ट लिहा.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. यूटीएफ-८ (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) मध्ये साध्या स्ट्रिंगमधल्या, म्हणजे मजकुरातल्या, 'लातूर'ची लांबी २ मध्ये १५ यायची, कारण ते बाइट मोजायचं आणि मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, ३ मध्ये येते ५. पट्टीवर नावाचा रकाना जमावा म्हणून कुणीतरी तेव्हा तीनानं भागून ठेवलेलं असतं, ते सगळं आता काढावं लागतं. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ असं प्रत्येक ठिकाणी लिहा, नाहीतर तुमच्या लिनक्सवर छान दिसणारं नाव दुकानातल्या कॉम्प्युटरवर कचरा होऊन येतं.

तीन-तीन जणांचे गट करा आणि नवख्या पोराला कीबोर्डवर बसवा. जाणत्यानं फक्त तोंड चालवायचं, त्याच्या हातात कीबोर्ड गेला की बाकीचे मोबाइल काढतात.

एका बैठकीत सगळं होत नाही. जेवढं झालं तेवढं वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मूळ कोडपासून बाजूला ठेवलेल्या प्रतीवर टाका, राहिलेले फरक कागदावर लिहून मालकाच्या हातात द्या, आणि पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी जुनी-नवी दोन्ही बेरीज ताडून बघायचं काम त्याच्याच मुनिमाला सांगा, असल्या गोष्टी मुनिमाच्या नजरेतून सुटत नाहीत. साडेपाचला बंद करा, उदगीर-निलंग्याची पोरं एसटीनं आलेली असतात.